जुन्या पिकअपचे पॉवर स्टेअरिंग जड झाल्यास : खाऱ्या हवेतील गाड्यांसाठी तपासणीचा क्रम

कोकण किनाऱ्यावरील गॅरेजांत एक तक्रार वर्षातून दोनदा हमखास ऐकू येते. पहिल्यांदा मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा आंब्याच्या पेट्या भरून गाड्या रात्रीच्या रात्री घाट चढू लागतात. आणि दुसऱ्यांदा मासेमारी बंदी उठल्यावर, जेव्हा पावसात उभ्या राहिलेल्या गाड्या पुन्हा बंदरावर येतात. तक्रार अशी असते, की स्टेअरिंग जड झाले आहे, आणि त्यावरचे उत्तरही बहुधा आधीच ठरलेले असते, की पंप गेला. माझ्या स्वतःच्या पिकअपचा पंप मी एका हंगामात याच उत्तरावर विश्वास ठेवून बदलून घेतला. देवगडहून वाशीच्या बाजाराची पहिलीच खेप झाली आणि लक्षात आले, की जडपणा तसूभरही कमी झालेला नाही. पुढे दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीखाली आडवे होऊन स्टेअरिंगच्या दांड्यावरील क्रॉस, म्हणजे दांड्याचे दोन भाग जोडणारा आणि सर्व दिशांना वाकणारा सांधा, हाताने हलवून पाहिला, तेव्हा तो गंजून जवळजवळ घट्ट झालेला आढळला. काढलेला जुना पंप निर्दोष होता.

ज्यांनी नुकतीच जुनी पिकअप घेतली आहे आणि स्वतः हात लावून ती समजून घेण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील मुख्य आग्रह एवढाच आहे, की दोष तेलाच्या बाजूला आहे की लोखंडाच्या बाजूला आहे, हे ठरवल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. पंपाकडे सर्वांत शेवटी वळावे, कारण तो महाग असतो आणि किनाऱ्यावरील गाड्यांत त्याच्या आधी बिघडणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात.

यंत्रणा कशी चालते

जुन्या पिकअपमधील पॉवर स्टेअरिंग बहुतेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे असते. (आपल्या गाडीत ते आहे का, याची खात्री बॉनेट उघडून करावी, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप आणि त्याला जोडलेली तेलाची लहान टाकी दिसली नाही, तर स्टेअरिंग साधे आहे, आणि मग या लेखातील केवळ लोखंडी भागांविषयीचा मजकूर उपयोगी पडेल.) इंजिन फिरते तसा पट्ट्याच्या साहाय्याने पंप फिरतो, टाकीतील तेल ओढतो आणि जाड प्रेशर पाइपातून स्टेअरिंगच्या गिअर बॉक्सकडे ढकलतो (काही गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक, म्हणजे आडवी दातेरी दांडी असते). स्टेअरिंग वळवले, की बॉक्सच्या आतील एक सडपातळ पोलादी दांडी किंचित पिळली जाते. त्या पिळामुळे झडप उघडते आणि पिस्टनच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला दाबाचे तेल जाऊन चाके वळवण्यास मदत होते. काम झालेले तेल कमी दाबाच्या परतीच्या पाइपाने पुन्हा टाकीत येते.

यावरून दोन गोष्टी समजतात. पहिली अशी, की गाडी सरळ चालत असताना दाब फार कमी असतो आणि उभ्या गाडीचे स्टेअरिंग पूर्ण वळवताना तो सर्वाधिक असतो. म्हणून दुबळी यंत्रणा रस्त्यापेक्षा बंदरावरच्या गर्दीत मागे-पुढे करताना आधी उघडी पडते. दुसरी अशी, की स्टेअरिंग आणि चाके यांचा लोखंडी सांधा तेल संपले तरी कायम राहतो. मदत नाहीशी होते, पण वळवणे शक्य असते. मात्र भरलेल्या गाडीला घाटाच्या वळणावर ही मदत अचानक थांबली, तर हातांना मोठा झटका बसतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काही चालकांना असते, ती याच कारणाने जीवघेणी आहे: इंजिन थांबताच स्टेअरिंगची मदत जाते, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर संपतो, आणि चावी पूर्ण मागे फिरवली गेली तर स्टेअरिंगचे कुलूपच लागू शकते.

हात लावण्यापूर्वी

गाडी सपाट आणि टणक जागी उभी करावी. आपल्याकडे कातळावर जागा सहज मिळते, पण खळ्यातील किंवा वाडीतील लाल माती वरून घट्ट दिसली तरी जॅकखाली खचते, म्हणून जॅकखाली जाड फळी घालावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावाव्यात, हँडब्रेक ओढावा, आणि गाडी उचलल्यावर तिचा भार चेसिसखाली ठेवलेल्या दोन मजबूत स्टँडवर घ्यावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालू नये. चिऱ्यांची चळत स्टँड म्हणून वापरलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. जांभा दगड भार एका कोपऱ्यावर आला की कोणतीही सूचना न देता फुटतो, तेव्हा हा प्रकार पूर्णपणे टाळावा.

चालू इंजिनाजवळ लुंगी, पंचा किंवा सैल बाही नको. दाबाच्या पाइपाची गळती बोटाने चाचपून कधीही शोधू नये, कारण बारीक छिद्रातून सुटणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळ धरून त्यावर डाग उमटतो का, ते पाहावे. तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर सांडले तर पेट घेऊ शकते, म्हणून सांडलेले तेल लगेच पुसावे.

साहित्य फारसे लागत नाही. जॅक, दोन स्टँड, पान्यांचा संच, उजेडासाठी हातातील बॅटरी, तारेचा ब्रश, मोठी प्लास्टिकची सिरिंज, धागे न सुटणारे स्वच्छ कापड, तेल धरण्यासाठी पसरट भांडे आणि चाकातील हवा मोजण्याचा गेज एवढे जवळ असले, की पुढील बहुतेक कामे घरी होतात.

आधी तक्रार नीट लिहून काढावी

नवख्या माणसाने इथे घाई करू नये, कारण निम्मे निदान याच टप्प्यावर होते. कागद घ्यावा आणि स्टेअरिंग केव्हा जड होते, कोणत्या बाजूला जड होते आणि त्या वेळी कोणता आवाज येतो, ही तीन उत्तरे लिहावीत.

उभ्या गाडीत मंद इंजिनावर जड आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबताच हलके, असे असेल तर पट्टा सैल असणे, तेल कमी असणे किंवा पंप दुबळा होणे, या क्रमाने संशय घ्यावा. स्टेअरिंग झटकन वळवल्यावर हाताला क्षणभर अडखळल्यासारखे वाटत असेल, तर पट्टा घसरतो आहे किंवा तेलात हवा आहे. सकाळी जड आणि गाडी तापल्यावर हलके होत असेल, तर बॉक्सच्या किंवा रॅकच्या आतील सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, झिजलेली असू शकतात. उलट सकाळी ठीक आणि घाट चढून इंजिन तापल्यावर जड होत असेल, तर तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून आतल्या आत निसटत असण्याची शक्यता अधिक असते. एकाच बाजूला जड असेल, तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो दोन्ही बाजूंना सारखेच तेल पुरवतो. अशा वेळी बॉक्समधील झडप व सील, चाकांचे अलाइनमेंट किंवा एका चाकाचा चिकटलेला ब्रेक पाहावा. स्टेअरिंग फिरवताना एका पूर्ण फेरीत दोन ठिकाणी घट्ट आणि मध्ये मोकळे लागत असेल, तर दांड्यावरील क्रॉस गंजला आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. माझ्या गाडीत नेमके हेच होत होते, आणि मी ते कोणाला सांगितले नव्हते, कारण ते सांगण्यासारखे आहे हे मला माहीत नव्हते.

आवाजही पुष्कळ सांगतात. वळवताना कर्कश किंचाळी आली तर पट्टा. घुमल्यासारखा, कण्हल्यासारखा आवाज आला तर तेल कमी किंवा तेलात हवा. खड्ड्यात ठकठक झाली तर टाय रॉडचे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्यांचे, सांधे किंवा बॉक्सचे बोल्ट. स्टेअरिंग शेवटच्या टोकाला नेल्यावर येणारा बारीक सूं-सूं आवाज मात्र दोष नव्हे. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून उघडणाऱ्या झडपेचा तो आवाज असतो.

चाकांची हवा, तेल आणि पट्टा

पुढच्या चाकांतील हवा थंड टायरवर मोजावी आणि ती दरवाजाच्या चौकटीवरील किंवा पुस्तिकेतील आकड्याशी जुळवावी. हे इतके साधे आहे, की त्याकडे कोणी पाहत नाही. पण हवा कमी असलेले टायर भरलेल्या गाडीत रस्त्याला चिकटून बसतात आणि सारा दोष स्टेअरिंगवर येतो.

त्यानंतर टाकीचे झाकण. ते उघडण्यापूर्वी त्याभोवतीची माती आणि मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, कारण आत पडलेला वाळूचा एक कणही पंपाच्या पात्यांना ओरखडे पाडतो. तेलाची पातळी थंड व गरम अशा ज्या खुणा असतील त्यांनुसार पाहावी, आणि थोडे तेल पांढऱ्या कागदावर घेऊन त्याचा रंग व वास तपासावा. एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) प्रकारचे नवे तेल स्वच्छ लाल असते. ते तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर जुने झाले आहे. काळे असून त्यात रबराचे बारीक कण असतील, तर एखादा होज पाइप आतून झिजतो आहे. बोटांवर चोळल्यावर धातूची चकाकी दिसली, तर पंपाची झीज सुरू झाली आहे, आणि इथे पंपाविषयी पहिल्यांदा गंभीरपणे विचार करावा.

तेल दुधाळ दिसले, तर कोकणात एक प्रश्न अधिक विचारावा लागतो, की आत हवा गेली आहे की पाणी. इंजिन बंद करून तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत काही तास ठेवावा. हवेचा फेस असेल तर तो वर येऊन विरतो आणि तेल पुन्हा लाल, पारदर्शक होते. पाणी मिसळले असेल तर दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग तसाच राहतो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते, आणि मासळी वाहिल्यानंतर जोरदार फवाऱ्याने इंजिन धुतले जाते तेव्हा पाणी तिथून आत जाते. असे तेल पूर्ण बदलल्याशिवाय दुसरे काहीही करू नये, कारण पाण्याने आतील पोलाद गंजते.

तेल कोणते घालावे, हे पुस्तिकेत किंवा झाकणावर लिहिलेले असते. बहुतेक जुन्या गाड्यांना डेक्स्रॉन दर्जाचे एटीएफ चालते, पण काहींना वेगळे तेल सांगितलेले असते, तेव्हा दुकानदाराच्या अंदाजावर विसंबू नये. ब्रेक ऑईल तर चुकूनही घालू नये. त्याने स्टेअरिंगच्या यंत्रणेतील रबरी सील फुगतात, मऊ पडतात आणि पंपापासून बॉक्सपर्यंत सर्व सील बदलण्याची वेळ येते. तेल बदलण्याची नवख्यांसाठी सर्वांत सुरक्षित पद्धत संथ आहे: सिरिंजने टाकीतील जेवढे निघेल तेवढे तेल काढावे, नवे भरावे, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन-तीन वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, एक-दोन दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा तेच करावे. चार-पाच वेळा असे केले, की रंग स्वच्छ येतो. त्यासाठी साधारण २ लिटर तेल हाताशी असावे. पाणी गेलेल्या तेलाला मात्र ही संथ पद्धत पुरेशी नाही. तिथे परतीचा पाइप सोडून सर्व तेल एकाच वेळी बाहेर काढणे आवश्यक आहे आणि हे काम पहिल्या वेळी मिस्त्रींसमवेत करावे.

पट्टा इंजिन बंद असतानाच तपासावा. व्ही आकाराच्या पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चमकत असतील, तर तो घसरून कडक झाला आहे आणि ताणूनही उपयोग होणार नाही, तो बदलावा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर दिल्यावर पट्टा साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला, तर ताण योग्य आहे, असे बहुतेक गाड्यांसाठी मानता येते. फार ताणलेला पट्टाही वाईट, कारण तो पंपाच्या बेअरिंगवर भार टाकतो. पावसाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या पुलीच्या खाचेत गंजाचा खरखरीत थर बसतो आणि नवा पट्टाही त्यावर काही आठवड्यांत झिजतो. म्हणून पट्टा काढलाच आहे, तर पुलीची खाच बारीक पॉलिश पेपरने साफ करावी. पट्ट्यावर साबण, राळ किंवा फवारा मारून आवाज बंद करणे हा उपाय नव्हे.

लोखंडाची बाजू

आता पुढची दोन्ही चाके स्टँडवर अधांतरी ठेवावीत, इंजिन बंद ठेवून चावीने स्टेअरिंगचे कुलूप उघडावे आणि स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. चाकांवर भार नसताना ते थोड्या एकसारख्या विरोधासह फिरले पाहिजे. ते अधांतरीही जड असेल, अडखळत असेल किंवा कोठेतरी घट्ट होत असेल, तर दोष तेलाचा नाही. ही एक चाचणी मी सर्वांत मोलाची मानतो, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती तपासणीची दिशाच ठरवते.

अशा गाडीत प्रथम केबिनमधून बॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावरील क्रॉस पाहावा. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि भरतीच्या वेळी बंदराच्या जेटीवर उडणारे खारे पाणी नेमके तिथे बसते. क्रॉस प्रत्येक दिशेने सहज वाकला पाहिजे. गंज सोडवणारे तेल टाकून तो काही दिवस मोकळा होतो, पण त्याच्या आतील सुया गंजलेल्या असल्यामुळे पुन्हा आवळतो; तो बदलणे हाच खरा उपाय आहे. दांडा सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाने खूण करून ठेवावी आणि चाके सरळ ठेवून स्टेअरिंग बांधून ठेवावे, नाही तर जोडताना स्टेअरिंग वाकडे बसते.

त्यानंतर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे ज्यांवर पुढची चाके डावी-उजवीकडे वळतात ते सांधे. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येत नसेल, तर हे सांधे कोरडे पडले असण्याची शक्यता मोठी असते. जिथे ग्रीसचे निपल (ग्रीस भरण्याचे लहान तोंड) असेल तिथे गनने ग्रीस भरत राहावे, जोपर्यंत जुने, काळे ग्रीस बाहेर पडून त्यामागून नवे दिसत नाही तोपर्यंत. बाहेर येणारे ग्रीस तांबूस आणि पाणचट असेल, तर सांध्यात पाणी शिरले होते, असे समजावे.

स्टेअरिंगमध्ये खेळ, म्हणजे चाके न हलता होणारी रिकामी हालचाल, जास्त असेल तर एका सोबत्याला आत बसवावे, गाडी जमिनीवर उभी करून इंजिन चालू ठेवावे, आणि त्याला स्टेअरिंग डावी-उजवीकडे चार बोटे हलवत राहण्यास सांगावे. आपण बाजूने बॅटरीच्या उजेडात बॉक्सपासून चाकापर्यंत प्रत्येक सांध्याकडे क्रमाने पाहावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थोडी उशिरा हलते, तो सांधा झिजला आहे. बॉक्स चेसिसला ज्या बोल्टांनी बसवलेला असतो ते आणि त्यांच्या सभोवतालचा चेसिसचा पत्रा जरूर पाहावा. मासळीच्या बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे ठिबकलेल्या गाडीत तिथे गंजाने फट पडलेली आढळू शकते. अशी गाडी त्याच दिवशी थांबवावी.

बॉक्सच्या माथ्यावर एक स्क्रू आणि नट असतो. खेळ कमी करण्यासाठी तो आवळून देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती माझ्या मते या यंत्रणेचे सर्वाधिक नुकसान करते. झिजलेल्या टाय रॉडचा खेळ तो स्क्रू घालवू शकत नाही. प्रमाणाबाहेर आवळला तर बॉक्समधील दाते एकमेकांवर घट्ट बसतात, स्टेअरिंग जड होते, मध्यावर परत येत नाही आणि दाते झिजतात. सर्व सांधे निर्दोष ठरल्यानंतरच, तोही पुस्तिकेतील मापाने, अनुभवी माणसाने तो स्क्रू फिरवावा.

गळती आणि पाइप

तेल वरचेवर कमी होत असेल, तर ते कोठेतरी जात आहे. दर आठवड्याला भरत राहणे हा उपाय नाही. यंत्रणा स्वच्छ पुसून कोरडी करावी, रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि सकाळी लाल डाग कोठे पडला आहे, ते पाहावे. तेल चेसिसवरून ओघळत पुढे येते, तेव्हा डागाच्या सरळ वर नव्हे, तर सर्वांत वरच्या ओल्या जागी मूळ शोधावे. पुलीच्या मागे तेल चक्राकार उडालेले असेल, तर पंपाच्या दांड्याचे सील गेले आहे. बॉक्सच्या खालच्या मोठ्या दांड्यावर, म्हणजे जिथे पिटमन आर्म (बॉक्सची हालचाल चाकांच्या दांड्यांकडे नेणारा लोखंडी हात) बसतो तिथे, तेल असेल तर ते सील गेले आहे. रॅक असलेल्या गाडीत दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहावेत. आत तेल साचले असेल तर रॅकची सील गेली आहेत.

पिटमन आर्मच्या दांड्याविषयी किनाऱ्यावरील गाड्यांत एक विशेष काळजी घ्यावी लागते. खाऱ्या हवेने तो दांडा बाहेरून गंजतो आणि त्यावर बारीक खड्डे पडतात. त्यावर नवे सील बसवले, तर खरखरीत पृष्ठभाग त्याची कड महिन्याभरात कापून टाकतो, आणि गाडीमालकाला वाटते की सील नकली होते. जुने सील निघाल्यावर दांड्यावरून नख फिरवावे. नख अडले, तर मिस्त्रींना दांड्याचा निर्णय आधी घेण्यास सांगावे. पिटमन आर्म काढण्यासाठी पुलरच वापरावा, हातोड्याचे घाव घालू नयेत, कारण तो धक्का थेट बॉक्सच्या आतील दात्यांना बसतो.

गळती दिसत नाही, पण तेलात फेस येतो, असा प्रकार असेल तर टाकी आणि पंप यांच्यामधला पाइप पाहावा. या पाइपात दाब नसतो, ओढ असते. म्हणून त्याची क्लिप गंजून सैल झाली किंवा त्याला भेग पडली, तर तेल बाहेर फारसे येत नाही, हवा मात्र आत जाते. साधी पत्र्याची क्लिप आपल्या हवेत लवकर तुटते. स्टेनलेस स्टीलची बसवावी. पावसाळ्यात बॉनेटमध्ये घर करणाऱ्या उंदरांनीही हा पाइप कुरतडलेला असू शकतो. नवा पाइप एटीएफ तेलासाठी बनवलेलाच घ्यावा. पाण्याचा किंवा साधा रबरी पाइप काही दिवसांत फुगून मऊ होतो.

प्रेशर पाइपाचा काही भाग लोखंडी नळीचा असतो, आणि जिथे रबर व धातू एकत्र दाबून जोडलेले असतात त्या टोपीखाली खारे पाणी साचून गंज सुरू होतो. तारेच्या ब्रशने वरचा गंज काढल्यावर खाली खड्डे दिसले, तर पाइप फुटण्याची वाट न पाहता बदलावा. या पाइपाला वेल्डिंग किंवा डाग देऊन चालत नाही. आतील दाब ७० ते १०० बारपर्यंत जाऊ शकतो. मूळ पाइप मिळत नसेल, तर जेसीबी आणि बोटींच्या हायड्रॉलिकची कामे करणाऱ्या दुकानातून नवा होज दाबून घेता येतो, परंतु जुना पाइप नमुना म्हणून नेऊन लांबी, टोकांचे आटे आणि दाबाची क्षमता जुळवून घ्यावी. जोडताना तांब्याचे वॉशर किंवा ओ-रिंग नवे घालावेत आणि नट आवळताना दुसऱ्या पान्याने मागची बाजू धरून ठेवावी, म्हणजे नळी पिळली जाणार नाही.

गळती थांबवण्याचे म्हणून बाटलीत मिळणारे द्रव्य मी वापरत नाही. ते सील फुगवते, त्यामुळे गळती काही काळ थांबते, आणि नंतर मऊ झालेले सील अधिक वेगाने जाते. फोंडा घाटाच्या पायथ्याशी अडकलेली गाडी घरी आणण्यापुरता त्याचा उपयोग समजू शकतो.

हवा काढणे

पाइप, पंप किंवा तेल यांपैकी काहीही बदलले, तर यंत्रणेतील हवा काढावीच लागते. नवे भाग बसवूनही घुमणारा आवाज कायम राहतो, तेव्हा बहुतेक वेळा हे काम घाईने उरकलेले असते.

पुढची चाके अधांतरी ठेवावीत, टाकी खुणेपर्यंत भरावी आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ ते २० वेळा फिरवावे. सोबत्याने टाकीकडे लक्ष ठेवून पातळी उतरताच तेल घालावे. टाकी एकदा रिकामी झाली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बुडबुडे येणे कमी झाल्यावर इंजिन मंद गतीने चालू करावे आणि पुन्हा तसेच आठ-दहा वेळा फिरवावे. शेवटच्या टोकाला स्टेअरिंग ५ सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, कारण त्या स्थितीत पंपातील तेल जागच्या जागी फिरून फार लवकर तापते. तेल फेसाळले, तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे. इंजिन बंद केल्यावर टाकीतील पातळी ठळकपणे वर चढत असेल, तर आत अजून हवा आहे.

पंप आणि बॉक्स

वरील सर्व तपासूनही जडपणा राहिला, तरच दाब मोजण्याची वेळ येते. हे काम गेज असलेल्या गॅरेजमध्येच करावे, पण त्यात काय पाहायचे ते मालकाला माहीत असावे. पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये झडप असलेला गेज जोडतात. झडप काही क्षण बंद केल्यावर पंपाने पुस्तिकेत दिलेला दाब दाखवला, तर पंप चांगला आहे. झडप उघडी ठेवून स्टेअरिंग टोकाला नेल्यावर तोच दाब मिळत नसेल, तर तेल बॉक्सच्या आत निसटते आहे आणि दुरुस्ती बॉक्सची आहे. झडप बंद असतानाही दाब चढत नसेल, तर दोष पंपाचा आहे. परंतु तेव्हाही पंप बदलण्यापूर्वी त्यातील प्रवाह नियंत्रित करणारी लहान झडप काढून, धुऊन पाहण्यास सांगावे, कारण घाणीने अडकलेली ही झडप मोकळी होताच अनेकदा पंप पूर्ववत चालतो. पंप बदलावाच लागला, तर जुने तेल पूर्ण काढून टाकल्याशिवाय नवा बसवू नये. जुन्या पंपाचा धातूचा चुरा नव्या पंपाला त्याच मार्गाने नेतो. आणि काढलेला पंप परत मागून घ्यावा.

गाडी ताब्यात घेताना प्रथम रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागेत फिरवावी, मग अर्धा भार घालून पाहावी; थेट भरलेली गाडी घेऊन आंबा घाटात किंवा करूळच्या वळणांवर जाऊ नये. टाय रॉड किंवा बॉल जॉइंट बदलले असतील, तर अलाइनमेंट करून घ्यावे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर तेलाची पातळी आणि सर्व क्लिपा पुन्हा पाहाव्यात, आणि आठवड्याने रात्रीचा पुठ्ठा पुन्हा एकदा पसरावा.

मासळी वाहणाऱ्या गाडीचा खालचा भाग प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुवावा, टाकीच्या झाकणावर मात्र धार सोडू नये. ग्रीस मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या सुमारास एकदा भरावे. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर दर आठवड्याला ती दहा मिनिटे चालू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे, म्हणजे पंपाचे सील कोरडे पडत नाही, पुलीवर गंज बसत नाही आणि तो क्रॉसही हलता राहतो.